गुग्गुळ लागवड: सातारा-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांतून गुग्गुळाविषयी सतत विचारणा होते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात येऊन गेली असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुग्गुळ हे माळावरच्या पडीक तुकड्याचं झाड आहे आणि ज्याची आठ-दहा वर्षं थांबायची तयारी आहे त्यानेच ते लावावं. पुढची उत्तरं हे धरूनच दिलेली आहेत.

१. गुग्गुळ हे झाड आहे की झुडूप? ओळखायचं कसं?

दोन्हीच्या मधलं. पूर्ण वाढलेलं गुग्गुळही बारा-तेरा फुटांच्या वर सहसा जात नाही आणि जमिनीलगतच फांद्या फुटत असल्यामुळे झुडपासारखं पसरतं. शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी. जुन्या पुस्तकांत कॉमिफोरा मुकुल हे नाव सापडेल. खोड जाड, मांसल, पाणी धरून ठेवणारं. त्यावरून कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे सुटतात. पापुद्रा नखाने उचलून बघा, खाली हिरवी साल दिसेल. अंगावर पान नसतं तेव्हा झाड या हिरव्या सालीच्या जोरावर अन्न तयार करतं. फांद्यांची टोकं काट्यासारखी टोकदार, पानं लहान, बहुधा तीन पर्णिकांची, फुलं बारीक तांबूस आणि पिकलेलं फळ लाल. सालीला ओरखडा काढला की सुगंधी चीक येतो. तो वाळला की झाला गुग्गुळाचा डिंक.

राजस्थान, गुजरात आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तान हे त्याचं मूळ घर. तिथे डिंकासाठी झाडं इतकी ओरबाडली गेली की २०१५ मध्ये आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. म्हणून शेतात लावलेल्या प्रत्येक झाडाला मोल आहे.

२. दुकानात ऊद, राळ, धूप, हिराबोळ असं बरंच काही मिळतं. हे सगळं गुग्गुळच का?

नाही, झाडं वेगवेगळी. राळ शालवृक्षाची, ऊद स्टायरॅक्स नावाच्या आग्नेय आशियातल्या झाडांचा. सालई डिंक म्हणजे कुंदरू. सालई आपल्याच देशातलं मोठं जंगली झाड आहे आणि गुग्गुळाच्याच कुळातलं आहे. हिराबोळ तर गुग्गुळाचा सख्खा भाऊ, तोही कॉमिफोराच, फक्त जात वेगळी, पण तो आफ्रिका-अरबस्तानातून येतो. वास थोडेफार जुळतात म्हणून दुकानात सरमिसळ होते. त्याविषयी प्रश्न १३ पाहा.

३. आमचं रान माणमध्ये माळावर आहे. मुरूम आणि दगड. पाऊस कधी पडतो, कधी पडत नाही. गुग्गुळ येईल का?

येईल. असल्याच जमिनीसाठी हे झाड आहे. आपल्या पूर्व भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा परतीचा. गुग्गुळ याहून कमी पावसाच्या प्रदेशातलं आहे, त्यामुळे पाणी कमी पडेल ही काळजी सोडा. काळजी करायची ती पाणी साचण्याची. हलकी, मुरमाड, उताराची जमीन उत्तम. खडक वर आलेला असला तरी भेगांत मुळं शिरतात. चुनखडी आणि थोडा खारटपणाही त्याला चालतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-चार दिवसांत धो धो पाऊस होतो तेव्हा तालीच्या, म्हणजे उताराला आडव्या घातलेल्या बांधाच्या, वरच्या अंगाला पाणी तुंबतं. नेमक्या त्या पट्ट्यात गुग्गुळ लावू नका. तालीच्या खालच्या अंगाला किंवा तालीच्या माथ्याजवळ लावा.

४. आणि कृष्णाकाठची काळी जमीन? किंवा पाटण, शिराळा, जावळीचा भाग?

काळ्या भारी जमिनीत लावू नका. पावसाळ्यात मुळं कुजतात, बुंधा मऊ पडतो आणि झाड एके दिवशी कलतं. उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळला तर एखाद-दुसरं झाड हौसेने जगवता येईल, शेती म्हणून नाही. डोंगरी पश्चिम भागातला पाऊस तर त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडचा. तिकडच्या हौशी मंडळींनी प्रश्न १६ पाहावा.

५. रोपं बियांपासून करायची की काडीपासून?

काडीपासून. बी फार कमी उगवतं. फळातून काळं आणि पांढरं अशी दोन प्रकारची बी निघते. त्यातली काळीच उगवायच्या लायकीची आणि तीही थोडीच. काडीचं यश याच्या कितीतरी वर असतं, आणि चांगला डिंक देणाऱ्या झाडाचा गुण काडीतून जसाच्या तसा पुढे येतो.

तरी बियांच्या रोपाची एक बाजू सांगायलाच हवी. त्याचं मूळ खोल जातं. काडीच्या झाडाची मुळं वरवर पसरतात, त्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्यात ते उन्मळू शकतं. पवनचक्क्या उभ्या राहाव्यात असा वारा ज्या पठारांवर आहे, तिथे कडेच्या ओळीत बियांची रोपं मिळाली तर जरूर लावा. नाहीतर पश्चिमेच्या बांधावर आधी वारा अडवणारी झाडं घ्या.

६. काडी कधी आणि कशी लावायची?

जून-जुलै हा सर्वांत चांगला काळ. डाळिंबाची किंवा द्राक्षाची काडी ज्याने लावलीय त्याला यात नवीन काही नाही, फरक फक्त चिकाचा. मागच्या वर्षीची, अर्धवट पक्व झालेली फांदी निवडा. जाडी अंगठ्याएवढी किंवा थोडी कमी, लांबी आठ ते दहा इंच. फार कोवळी काडी कुजते, फार जुनी लवकर फुटत नाही. धारदार कात्रीने कापा, साल चिरडू देऊ नका. कापल्यावर टोकाला चीक येतो. तो सुकेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, काड्या सावलीत पसरून ठेवा. ओल्या जखमेसकट मातीत खोचलेली काडी खालून कुजायला लागते.

पिशवीत दोन भाग वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग माती आणि अगदी थोडं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. काडीचा निम्म्याच्या आसपास भाग मातीत जाऊ द्या आणि शेंडा वरच राहील हे बघा. उलटी लावलेली काडी हटकून वाया जाते. मुळं फुटायचं संप्रेरक, म्हणजे आयबीए, वापरलं तर मुळ्या जास्त सुटतात. पाणी हलकं द्या, पिशवीच्या तळाला भोकं हवीतच. अशी रोपं पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे वर्षभराची झाल्यावर, शेतात न्यायची.

७. काडीला दोन-तीन आठवड्यांत छान पानं फुटली आणि मग सगळी वाळली. काय चुकलं?

पानं म्हणजे मुळं नव्हेत, इथेच बहुतेक जण फसतात. काडीच्या मांसल खोडात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यावर डोळे फुटतात. हिरव्या टिकल्या दिसतात, त्या उलगडतात, आणि मातीखाली तेव्हा एकही मुळी नसते. आपण खूश होऊन पाणी वाढवतो किंवा काडी हलवून बघतो, दोन्हीने घात होतो. पानं फुटल्यावरही पाणी बेतानेच द्या, पिशवी भर उन्हात नेऊ नका आणि काडी उपटून बघायचा मोह आवरा. पानं गळाली तरी काडी टणक आहे आणि नखाने खरवडल्यावर हिरवी दिसते, तोवर ती टाकू नका. पुन्हा फुटते. बोटाने दाबून मऊ लागली तर मात्र गेली.

८. शेतात अंतर किती ठेवायचं? खत-पाण्याचं काय?

हलक्या माळावर तीन बाय तीन मीटर ठेवा. एकरी साधारण साडेचारशे झाडं बसतात. दोन बाय दोनवर हजार बसतात खरी, पण पुढे झाडं काटेरी फांद्यांनी एकमेकांत गुंततात आणि डिंक काढायला माणूस आत शिरत नाही. खड्डा दीड फुटाचा, त्यात वरची माती आणि पाटीभर शेणखत. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत निंबोळी पेंड टाका.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरा दिवसांतून एखादं पाणी दिलं तर रोपं जोमाने धरतात. तिसऱ्या वर्षापासून पाण्यावाचून भागतं. रासायनिक खतांचा मारा करू नका, नुसतं लुसलुशीत लाकूड वाढतं. सुरुवातीची तीन-चार वर्षं मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा घ्या. ही पिकं बुटकी असतात, गुग्गुळाला झाकत नाहीत आणि थोडीफार मिळकत चालू राहते.

९. मेंढरं शेतातून जातात. कुंपण घालावं लागेल का?

पहिली तीन वर्षं, हो. झाड काटेरी असलं तरी कोवळी फूट शेळ्या सोडत नाहीत, आणि शेंडा वारंवार खाल्ला गेला की झाड खुरटतं. बोरी-बाभळीची काटी लावलीत तरी पुरे. झाड मोठं झाल्यावर मेंढरांची भीती उरत नाही, उलट मधलं गवत खाऊन ती जमिनीला लेंडीखत देऊन जातात.

१०. दिवाळीनंतर पानं गळायला लागली आणि उन्हाळ्यात झाड पार वाळकं दिसतंय. मेलं का?

हा त्याचा स्वभाव आहे. वर्षातला बराच काळ गुग्गुळ पानांशिवाय उभं असतं. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत हिरवं होतं. शंका आलीच तर प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे पापुद्रा उचलून हिरवी साल बघा. वाळलं म्हणून पाणी ओतत बसू नका. खरं दुखणं वेगळं दिसतं. पावसाळ्यात पानं पिवळी पडणं, बुंध्याजवळ साल काळी पडणं, वास येणं. ते पाणी साचल्याचं लक्षण. चर काढून पाणी बाहेर घालवा.

११. माझ्याकडे सगळी झाडं मादी आहेत, नर एकही नाही. तरी फळं लागतात. हे कसं?

गुग्गुळात नर झाडं मुळातच विरळ आहेत. मादी झाड परागीभवन न होताही फळ आणि बी धरू शकतं. बीजांडाच्या ऊतीतूनच गर्भ तयार होतो, आणि कधी एका बियातून एकाहून जास्त रोपं निघतात. त्यामुळे अशी रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. डिंकाच्या दृष्टीने नर-मादीची चिंता करायचं कारण नाही. मात्र सगळं शेत एकाच झाडाच्या काड्यांचं करू नका. एखादा रोग आला तर सगळ्यांना सारखाच लागतो. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणच्या काड्या मिसळून लावा आणि कोणती ओळ कुठली, याची वहीत नोंद ठेवा.

१२. डिंक कधी आणि किती मिळतो? कसा काढायचा?

झाड आठ ते दहा वर्षांचं व्हायला हवं. त्याआधी चीर मारणं म्हणजे वासराला औताला जुंपणं. निगा राखलेलं झाड एका हंगामात पाव ते अर्धा किलो डिंक देतं. माळावरच्या खुरट्या झाडाकडून पाव किलोच्या खालचीच अपेक्षा ठेवा. कुणी एका झाडाला किलो-दोन किलो सांगत असेल तर तो रोपं विकायला आलाय असं समजा.

हंगाम डिसेंबर ते मार्च. पाऊस नको, कारण चीक धुऊन जातो आणि जखम चिघळते. धारदार, स्वच्छ चाकूने खोडावर आणि जाड फांद्यांवर तिरक्या चिरा द्यायच्या. चीर फक्त सालीत, लाकडाला धक्का न लावता. हेच कसब आहे. साल कापताना चाकू सहज सरकतो आणि लाकूड आलं की अडतो. तो अडायच्या आत हात थांबला पाहिजे. दोन चिरांत फूटभर अंतर ठेवा. खोडाला पूर्ण वेढा घालणारी चीर कधीही नको, वरचा भाग उपाशी मरतो.

चिरेतून आधी पिवळसर पांढरा, दाट चीक पाझरतो. थेंब चिरेच्या खालच्या ओठाशी थांबतो, फुगतो, त्यावर साय धरते आणि मागून आलेला चीक त्याच थेंबाला पोसत राहतो. दहा-पंधरा दिवसांत तो तांबूस-सोनेरी होऊन घट्ट बसतो. तो हलक्या हाताने खरवडून काढा. जमिनीवर पडलेला माती-काडीसकटचा वेगळ्या डब्यात ठेवा, त्याचा दर कमी. एकाच झाडावर दरवर्षी चिरा न देता एक वर्ष आड विश्रांती द्यावी असं मी आग्रहाने सांगतो. निम्मं शेत या साली, निम्मं पुढच्या साली.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न येतो, चिरेला काही लावून डिंक वाढवता येतो का? येतो, आणि झाड मरतं. मूळ प्रदेशात जनावरांचं मूत्र, मोरचूद असल्या गोष्टींचा लेप चिरेभोवती लावायची पद्धत होती. डिंक भसाभसा येतो, नंतर झाड वाळून जातं. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत इथेफॉन हे संप्रेरक वापरून प्रयोग झाले. डिंक अनेक पटींनी वाढला, पण मात्रा आणि चिरा जास्त झाल्या की झाडं दगावली. दहा वर्षं वाढवलेलं झाड एका हंगामासाठी गमवायचं, हा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला परवडणारा नाही. इथेफॉन द्राक्ष-डाळिंबाच्या निमित्ताने घरात असतं म्हणून मुद्दाम सांगतोय: गुग्गुळाला लावू नका.

१३. डिंक खरा आहे की भेसळीचा, हे घरी कळेल का?

ढोबळमानाने कळतं. खरा गुग्गुळ उन्हात मऊ होतो, निखाऱ्यावर वितळून जळतो आणि गरम पाण्यात ढवळला की दुधासारखं पाणी करतो. भेसळीत सालई, बाभळीचा डिंक, माती सापडते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळून पाणी पारदर्शकच राहतं, तिथे फरक दिसतो. मोठा सौदा असेल तर प्रयोगशाळेची तपासणी करा. गुग्गुलस्टेरॉन ई आणि झेड हे दोन घटक किती आहेत, यावर औषध कंपन्या प्रत ठरवतात.

१४. विकायचा कुठे? कागदपत्रं लागतात का?

आयुर्वेदिक औषधं बनवणारे आणि जडीबुटीचे व्यापारी घेतात. देशाची गरज देशातल्या उत्पादनातून भागत नाही, बराच माल बाहेरून येतो, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. अडचण येते ती थोड्या मालाची. चार किलोंसाठी कुणी गावात येत नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून माल एकत्र केला तर बोलणी होतात.

लागवड सातबाऱ्यावर यायलाच हवी. ई-पीक पाहणीत नोंद करा, फोटो ठेवा, रोपांची पावती जपा. माल जंगलातून तोडलेला नाही, शेतातला आहे, हे दाखवता आलं पाहिजे. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे आणि तिथेही मूळस्थानाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे आधीच चौकशी करून ठेवा. अनुदानासाठी पुण्यातलं महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळ, आणि सल्ल्यासाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, कारण सातारा आणि सांगली दोन्ही त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

१५. घरच्या झाडाचा डिंक कोलेस्टेरॉलसाठी खाल्ला तर चालेल का?

नको. आयुर्वेदात कच्चा गुग्गुळ देत नाहीत. त्रिफळ्याचा काढा, गाईचं दूध किंवा गोमूत्र यांत त्याचं शोधन करतात, मगच योगराज, त्रिफळा, कांचनार असे गुग्गुळकल्प होतात. कच्च्याने पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर १९६६ मध्ये काशी हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या वर्णनाचा धागा पकडून सशांवर काम केलं, तिथून आधुनिक संशोधन सुरू झालं. भारतातल्या काही चाचण्यांत फायदा दिसला. पण २००३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल घटलं नाही, उलट थोडं वाढलं. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून गुग्गुळ सुरू करू नका. गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे रुग्ण आणि रक्तदाब-हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. काही हृदयाच्या औषधांचा परिणाम गुग्गुळामुळे कमी होतो.

१६. साताऱ्यात गच्चीवर कुंडीत ठेवता येईल का? बोन्साय होतं का?

होतं, आणि सुरेख होतं. जाड बुंधा, सुटणारे पापुद्रे, वाकड्या फांद्या, सगळं जन्मजात. कुंडी उथळ, तळाला मोठी भोकं. मिश्रणात विटांचे तुकडे, मुरूम आणि वाळू मिळून तीन हिस्से, माती एक हिस्सा. पूर्ण ऊन. पावसाळ्यात पत्र्याखाली किंवा सज्जात सरकवा. महाबळेश्वर-पाटणकडे तर जून ते सप्टेंबर छपराखालीच. पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद. छाटणी करताना हाताला लागलेला चीक साबणाने निघत नाही, खोबरेल तेल चोळा.

१७. ओमानचा लोबान खूप महाग असतो म्हणे. गुग्गुळाऐवजी तोच लावला तर?

तो बोस्वेलिया सॅक्रा, सालईचा नातलग. ओमानच्या धोफार भागातला हा लोबान इतका जुना आणि मोलाचा की युनेस्कोने २००० मध्ये तिथल्या लोबानभूमीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गंमत अशी की धोफारला पावसाळी धुकं येतं, तरी उत्तम लोबान येतो तो डोंगरापलीकडच्या, धुकं न पोचणाऱ्या कोरड्या पट्ट्यातून. आपल्याकडे संग्रहासाठी कुंडीत एखादं ठेवा. शेत म्हणून गुग्गुळच बरा. काड्या मिळतात, माहिती मिळते आणि गिऱ्हाईक देशातच आहे.

१८. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं. गुग्गुळ काढून डाळिंब लावू का?

जिथे पाणी पोचतं आणि माती दोन फुटांच्या वर आहे, तिथे डाळिंब, द्राक्ष जे जमतं ते करा. तिथे गुग्गुळ ठेवण्यात अर्थ नाही. पण पाणी आलं म्हणून उघड्या खडकावरचा तुकडा बागायती होत नाही. तिथला गुग्गुळ राहू द्या. एक खबरदारी मात्र घ्या: वरच्या बागेतलं ठिबकचं पाझरपाणी गुग्गुळाच्या ओळींत उतरत असेल तर मध्ये चर खोदा. ओढ्याकडे नेऊन सोडा ते पाणी. आणि झाडं काढायचीच असतील तर मे महिन्याच्या अगदी शेवटी, पानं नसताना, काड्या कापून घ्या आणि प्रश्न ६ प्रमाणे जूनमध्ये पिशव्या भरा. पाणी न पोचलेल्या शेजारच्या गावात त्यांना जागा मिळेल.